पोराला वाचायला शिकवायचंय? मग बाराखडी जरा बाजूला ठेवा

मी नवी मुंबईत दिघ्याला संध्याकाळी आजूबाजूची आठ-दहा पोरं घेऊन बसते, त्या अनुभवावरून सांगतेय.

सगळ्यात आधी, पोराला वाचता येतं की नाही हे धडा वाचून घेऊन कळत नाही. धडा पाठ असतो हो, बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर! त्यामुळे ओळ शेवटून वाचायला लावा नाहीतर मधलाच एखादा शब्द दाखवा, मग लगेच उजेड पडतो. मुलांना किती वाचता येतं ते बघणारी प्रथम संस्थेची ती 'असर' पाहणी असते ना 2005 पासून, तिची पद्धत घरीही जमते. आधी सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग चार वाक्यांचा उतारा, मग छोटी गोष्ट. पाचातली चार अक्षरं बरोबर आली की शब्दांवर जायचं आणि जिथे गाडी अडेल तिथून सुरुवात करायची, मग पोर दुसरीत असो की पाचवीत. पाचवीतला मुलगा अक्षरांपासून बसवला की आयांना कमीपणा वाटतो, पण 2024 च्या असरमध्ये देशभरातल्या गावाकडच्या सरकारी शाळांत तिसरीची फक्त 23.4 टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली होती, तेव्हा तुमचं एकट्याचंच पोर मागे आहे असं काही नाही.

आता शिकवायचं कसं. अ ते ज्ञ पाठ, मग अख्खी बाराखडी, मग शब्द या क्रमाने गेलं तर पोर वाचायच्या आधीच कंटाळतं. त्यापेक्षा चारच अक्षरं घ्या, म, न, क, र, आणि एक काना. बघा किती शब्द होतात, मका, नाक, कान, मान, काम, रान, कमान, मामा, काका. पहिल्याच आठवड्यात 'मामा काम करा' वाचलं की पोरं जाम खूष, आमच्याकडे तर एकीने घरी जाऊन खऱ्या मामालाच वाचून दाखवलं. मग दोन-तीन अक्षरं आणि एक मात्रा अशी भर घालत जायची. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य एकाच दिवशी अजिबात शिकवू नका, दिसायला सारखी असल्याने कायमचा गोंधळ होतो. आणि पहिली वेलांटी सावकाश घ्या, कारण ती डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडातून नंतर येते. 'कि' बघून पोर बिचारं 'इक' म्हणतं तेव्हा ओरडू नका, ते दिसेल तसंच वाचतंय.

अवघड अक्षरं आणि जोडाक्षरांसाठी पुस्तक नसलं तरी चालेल, ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलला बसा. ऐरोलीतला 'ऐ' एरवी कुठे दिसतो सांगा! घणसोलीत ण, आणि तुर्भेचा रफार तर मस्तच, काढायचा भ वर आणि बोलायचा भ च्या आधी. स्टेशन येईपर्यंत पाटी वाचायची, एवढाच खेळ. ज्यांच्या घरी हिंदी किंवा कन्नड बोलतात त्यांना आधी शब्दाचा अर्थ बोलून सांगा, नाहीतर नुसता आवाज निघतो, डोक्यात काही जात नाही.

अक्षरं जुळायला लागली की वेग बघायचा. मोबाईलवर एक मिनिट लावा, न पाहिलेला उतारा द्या आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. 2021 साली आलेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या कार्यक्रमात दुसरीच्या शेवटी मिनिटाला 45 ते 60 शब्द धरलेत. हा काही शर्यतीचा प्रकार नाही, पण पोर एकेक अक्षर ओढत वाचत असेल तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जातं, मग अर्थ कुठून लागणार? म्हणून वाचून झालं की दोन प्रश्न विचाराच, एक उताऱ्यातला आणि एक 'असं का झालं असेल' टाइपचा. उत्तर नाही आलं तर तोच उतारा तुम्ही आधी वाचा, मग दोघं मिळून, मग पोर एकटं.

रोज वीस मिनिटं पुरे. गोष्टी संपल्या की प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठीत फुकट मिळतात, लेव्हल एकपासून सुरू करा आणि शक्यतो प्रिंट काढा. मोबाईल हातात दिला की गोष्ट दोन मिनिटं आणि रील्स वीस मिनिटं, हे आमच्याकडे रोजचंच आहे.