प्लॅस्टिक क्रेटला आरएफआयडी टॅग कुठला लावायचा?

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींपैकी शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या नाहीतर कागल, डिस्पॅचवाल्याचं रडगाणं एकच, कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) भरून पुण्याला गेलेले क्रेट पूर्ण परत येतच नाहीत. मग साहेब म्हणतात आरएफआयडी टॅग लावा, म्हणजे रेडिओ लहरींनी नंबर वाचता येतो ती चिप. आणि पर्चेसवाला लगेच विचारतो, टॅग केवढ्याला? अहो भाव नंतर, आधी क्रेटची एक फेरी कागदावर लिहून काढा. कुठं भरतो, गंज रोखणारं रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल लागतं का, गरम पाण्यानं धुतात का, उन्हात किती पडतो, माणसं आपटतात किती (आपटतातच). धुणं आणि तेल असलं तर कागदी स्टिकर विसरा, सीलबंद हार्ड टॅग (कडक कवचातला) बघा.

दुसरं फ्रिक्वेन्सी. 13.56 मेगाहर्ट्झवाला एनएफसी टॅग मोबाईल अगदी जवळ नेला तरच वाचतो, गेटमधून अख्खं पॅलेट मोजायचं तर लांबून वाचणारा यूएचएफच पाहिजे, आपल्याकडं 865 ते 868 मेगाहर्ट्झ. किणी टोलनाक्यावर फास्टॅग वाचतात ते हेच तंत्र. पण म्हणून फास्टॅगसारखा काचेसाठी बनवलेला टॅग क्रेटवर तसाच चालेल असं नाही, अँटेना ज्या पृष्ठभागासाठी जुळवलेली असते तिथंच ती नीट चालते.

आता खरी मेख. आपल्या क्रेटमध्ये असतं लोखंड, आणि आतनं कास्टिंग भिंतीला टेकलं की बाहेरचा साधा टॅग मुका होतो. रिकाम्या क्रेटवर डेमो झकास होतो आणि भरल्यावर बोंब, ती यामुळंच. दोन उपाय, मेटलवर चालणारा जाड टॅग घ्या (महाग पडतो), नाहीतर हँडलखालच्या रिबमध्ये (उठावाच्या पट्ट्यांत) जागा शोधा जिथं टॅग आणि कास्टिंगच्या मध्ये थोडी हवा राहते. इलेक्ट्रॉनिक्सचे काळे ईएसडी (स्थिर वीज साचू न देणारे) क्रेट असतील तर त्यातला कार्बनही सिग्नल खातो, तिथं वेगळी टेस्ट घ्याच.

चिकटवायचं म्हणाल तर पीपी आणि एचडीपीई या क्रेटच्या प्लॅस्टिकला साधा गम धरतच नाही. अशा प्लॅस्टिकसाठीचा खास गम मागायचा, जागा आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसायची, दाबून लावायचं आणि एक दिवस तरी हात लावायचा नाही. माझं विचाराल तर रिव्हेटच बरा, फक्त भोक टॅगला दिलेल्या जागीच, अँटेनातून नाही. नवीन क्रेटची ऑर्डर देताय? मग मोल्डिंगमध्येच टॅग घालून मिळतो का ते विचारा.

रिकामे क्रेट एकात एक बसत असतील तर टॅग एकमेकाला चिकटून येतात आणि वाचले जात नाहीत, म्हणून सगळ्या क्रेटला एकाच जागी लावू नका, जरा मागंपुढं करा.

टॅगमध्ये फक्त क्रेटचा नंबर लिहा आणि लॉक करा, रिटर्नेबल मालासाठी जीआरएआय नावाची जागतिक नंबरपद्धत आहे ती वापरली तर उत्तम. पार्ट नंबर, कस्टमर हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये, कारण आज ह्या क्रेटात ब्रॅकेट जाईल तर उद्या हाउसिंग. तोच नंबर बाहेर बारकोडसकट छापा, रीडर बंद पडला तरी गाडी अडून राहत नाही.

शेवटी तीन-चार प्रकारचे सॅम्पल मागवून थोड्या क्रेटना लावा, तेलकट माल भरून, थप्पी मारून गेटमधून न्या, मग महिनाभर खऱ्या फेऱ्यांवर सोडा. परत आल्यावर किती टिकले, किती वाचले ते बघून मगच व्हेंडरशी रेट बोला.