आधी अनुस्वार बघा, मग अ‍ॅपॉस्ट्रॉफी टाका

अप्पा बळवंत चौकाजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. जून-जुलैत सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या जाहिराती, सप्टेंबरात शिक्षक दिनाचे फ्लेक्स, दिवाळीनंतर लग्नपत्रिका. एकदा एका वसतिगृहाच्या आठ फुटी फ्लेक्सवर 'बॉईज हॉस्टेल' लिहिताना मी अ‍ॅपॉस्ट्रॉफी (इंग्रजीत 'कोणाचं' हे दाखवणारं, स्वल्पविरामासारखं पण वर टांगलेलं चिन्ह) एसच्या आधी टाकला. मालकांनी फ्लेक्स उलगडून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "एकच मुलगा ठेवायचाय का आम्ही?" पदरमोड करून पुन्हा छापून दिला.

तेव्हापासून मी आधी मराठीत म्हणून बघतो: मुलाचं की मुलांचं? अनुस्वार नसेल तर मालक एकच. मूळ शब्द, अ‍ॅपॉस्ट्रॉफी, मग एस. अनुस्वार असेल तर आधी अनेकवचन पुरतं लिहून घ्यायचं. त्याच्या शेवटी एस आलाच असेल, तर पुढे नुसता अ‍ॅपॉस्ट्रॉफी. शिक्षक दिन शिक्षकांचा, म्हणून टीचर्समध्ये तो एसनंतर. चिल्ड्रन, मेन, विमेन या अनेकवचनांच्या शेवटी एस नाही, तिथे अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि एस दोन्ही लावायचे. कानावर मात्र विसंबू नका, 'बॉईज' चिन्ह एसच्या आधी, एसनंतर किंवा मुळीच नाही अशा तिन्ही तऱ्हांनी लिहिलं तरी ऐकायला एकच.

या युक्तीत एक खोट आहे, ती म्हणजे आपला आदर. 'सरांचा वाढदिवस' म्हणताना अनुस्वार आहे, पण सर एकच! कॅम्पातल्या बिशप्स स्कूलच्या नावात अ‍ॅपॉस्ट्रॉफी एसच्या आधी आहे. बिशपांची शाळा असली तरी बिशप एक. तेव्हा अहो-जाहोचा अनुस्वार मोजायचा नाही. मदर्स डेचंही तसंच. अमेरिकेत तो दिवस सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्विस यांचा एकवचनाचा आग्रह होता, प्रत्येकाने आपापल्या आईचा दिवस पाळावा म्हणून.

अनेकवचनाला बहुतेक वेळा नुसता एस पुरतो. बस, बॉक्स, डिश, मॅच असे शेवटी सुसकारणारे शब्द आले की ई-एस. शेवटच्या वायआधी व्यंजन असेल तर वाय काढून आय-ई-एस, जसं सिटी, पार्टी. स्वर असेल तर वाय तसाच, जसं बॉय, की (म्हणजे किल्ली). आडनावाला मात्र हात लावायचा नाही: शेट्टी कुटुंबाचा वाय जागच्या जागी, पुढे फक्त एस. नाइफ, लीफ यांच्या एफचा व्ही होतो, रूफचा होत नाही. पोटॅटोला ई-एस, फोटोला एस. ही पाठच करायची.

लग्नपत्रिकेखाली 'द कुलकर्णीज' म्हणजे सगळं कुटुंब, तिथे अ‍ॅपॉस्ट्रॉफीचं काही काम नाही. तरी दहातले आठ जण तो टाकून आणतात. आणि पाटीवरचं 'फर्निचर्स'! फर्निचरला अनेकवचनच नाही. मी सांगतो, काही दुकानदार ऐकतात. उलट 'लेडीज' मुळातच अनेकवचन आहे, आपण खुशाल 'एक लेडीज आल्या होत्या' म्हणतो. लेडीज टेलर लिहिताना अ‍ॅपॉस्ट्रॉफी एसनंतर.

'इट्स' म्हणजे 'त्याचं' असेल तर अ‍ॅपॉस्ट्रॉफी नको, 'इट इज' असेल तर हवा. युअर्स, हर्स, अवर्स यांनाही कधीच नको.

आणि जुना मराठी फॉन्ट चालू असताना अ‍ॅपॉस्ट्रॉफीची की दाबू नका, भलतंच काहीतरी उमटतं. आधी इंग्रजी फॉन्ट निवडा, मग प्रूफ कागदावर काढून वाचा.