अनुदान कोणाच्या खात्यात पडतं, आणि आपलं कुठे अडलं ते कसं शोधायचं

अनुदानाचा पैसा सातबारा आणि आधार बघून येतो, शेतात कोण राबतं ते बघून नाही. म्हणून जळगावातल्या चोपडा तालुक्याकडे निम्म्या बटाईनं कपाशी करणारा किंवा वर्षाच्या बोलीवरचा सालदार पीएम-किसानच्या यादीत नसतो, आणि शहरात राहणारा खातेदार असतो. बटाईदाराला पीक विमा काढता येतो, पण नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी बोली तिथे चालत नाही. आमच्या मते सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे.

पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये कुटुंबाला मिळतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. दोघांच्या नावे वेगवेगळे सातबारे असले तरी हप्ता एकालाच. दोघांनी घेतला तर वसुली लागते. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर हवी. त्यानंतर विकत घेतलेली चालत नाही, वारसानं आलेली चालते. प्राप्तिकर भरणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), महिन्याला १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शनवाले, डॉक्टर, वकील बाहेर. राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधीही याच यादीवर चालतो, त्यामुळे इथं अडलं की दोन्हीकडे अडतं.

आता तपासणी. पीएम-किसानच्या संकेतस्थळावर लाभार्थी यादीत राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावाची नावं दिसतात. आपलं नाव असून पैसा नसेल तर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती उघडा आणि तीन गोष्टी बघा: जमिनीची नोंद जोडली आहे का, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झाली आहे का, आधार बँकेला जोडलं आहे का. जमिनीपुढे ‘नाही’ असेल तर सातबारा आणि आठ-अ घेऊन तहसील किंवा कृषी कार्यालयात जा. राबून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांची ई-केवायसी केंद्रावर वारंवार फसते. त्यांच्यासाठी पीएम-किसानच्या मोबाईल ॲपमधून चेहरा दाखवून करा.

बँकेत सगळ्यात जास्त गफलत होते. आधारवरचा पैसा फॉर्मात लिहिलेल्या खात्यात जातोच असं नाही. तो आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातो. पासबुक सोसायटीच्या कर्जाचं दाखवतात आणि हप्ता कधीकाळी उघडलेल्या पोस्टाच्या खात्यात साचलेला निघतो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघितलं की बँकेचं नाव कळतं.

बाप वारला की वारसनोंद लगेच करून घ्या. मयताच्या नावावर पुढचं अनुदान येत नाही, आणि फेरफार मंजूर होईपर्यंत पोरांचं नाव कुठेच लागत नाही.

पिकावरच्या अनुदानाला ई-पीक पाहणी हवी, म्हणजे मोबाईल ॲपमधून पिकाचा फोटो काढून केलेली नोंद. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५०००, २ हेक्टरपर्यंत दिले, तेव्हा नोंद नसलेल्यांना फार हेलपाटे पडले. सामाईक गटात बाकीच्या खातेदारांचं ना-हरकत पत्रही लागलं. फोटो बांधावर नाही, गटाच्या आत उभं राहून काढा. केळीच्या जागी चुकून कपाशी नोंदली गेली तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करता येते. त्यानंतर तलाठ्याकडे जावं लागतं.