मांडीतला पाचवा स्नायू डिसेक्शनमध्ये कसा शोधायचा
क्वाड्रिसेप्स (मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू) म्हणजे चार डोकी, म्हणजे चार भाग, असं आपण पाठ करतो, पण 2016 मध्ये ग्रोब आणि सहकाऱ्यांनी टेन्सर ऑफ द व्हास्टस इंटरमिडियस नावाचा आणखी एक स्नायू मांडला, तो शोधून बघाच.

आधी रेक्टस फेमोरिस (चारपैकी सगळ्यात पुढचं डोकं) मधे कापून वर-खाली उलटवा. मग व्हास्टस लॅटरॅलिस (बाहेरच्या बाजूचं डोकं) आणि व्हास्टस इंटरमिडियस (मधलं, खोलवरचं डोकं) यांच्या मधे स्कॅल्पेल अजिबात घालू नका, बोटानेच हळूहळू सोडवा, कारण या नव्या स्नायूचं मांस वरच्या भागातच असतं, खाली नुसता पातळ पांढरा पडदा उरतो आणि घाईत तोच फाटतो. फेमोरल नर्व्हची (मांडीच्या पुढच्या स्नायूंना जाणाऱ्या मज्जातंतूची) या स्नायूकडे जाणारी वेगळी फांदी सापडली की तिच्या मागे जा. कधी हा शेजारच्या स्नायूला चिकटलेला असतो, तेव्हा जबरदस्तीने वेगळा करू नका, तसाच नोंदवा. दुसरी मांडीही बघा.