नाशिकमध्ये वृद्धाश्रम बघायला जाताय? संध्याकाळी पाचला जा

गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही आईवडिलांसाठी केअर सेंटर बघायला गेलं की आधी फोटो दाखवतात. भजन, हळदीकुंकू, वाढदिवसाचा केक. फोटो खरेच असतात, पण त्यात जे नाहीत ते खोलीत पडून असतात. माझी आत्या तशीच असायची. हॉलमधलं भजन तिला ऐकू यायचं, पलंगाच्या दांडीवर बोटांनी ताल धरायची, पण तिला व्हीलचेअरवर घ्यायला दोन माणसं लागायची आणि त्या वेळी मजल्यावर एकच मावशी, ती पण कुणाचातरी डायपर बदलत असायची, सिस्टर गोळ्या वाटत असायची. माणसं चांगलीच होती हो, कमी होती.

म्हणून कार्यक्रमांची यादी ऐकून झाली की लगेच विचारा, खोलीतून हॉलपर्यंत आणायला कोण आहे? नुसतं "स्टाफ किती" विचारलं तर स्वयंपाकाच्या ताई, वॉचमन, ड्रायव्हर सगळे धरून आकडा सांगतील. असं विचारा: आत्ता ड्युटीवर सिस्टर किती, मावशी किती, राहणारे किती, त्यातले उचलून न्यावे लागणारे किती. रात्रीचं वेगळं विचारा, रविवारचं वेगळं. सिस्टर जीएनएम (मोठा नर्सिंग कोर्स केलेली) की एएनएम (छोटा कोर्स केलेली), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, हे विचारायला लाजू नका.

हिशोबाला एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेत 2024 मध्ये नर्सिंग होमसाठी नियम आणला होता, नर्स आणि मदतनीस मिळून दर माणसामागे दिवसाला किमान 3.48 तास. 2025 मध्ये तो कोर्टात रद्द झाला आणि आपल्याकडे तो लागू नाहीच, पण अंदाज येतो. 30 जण राहत असतील तर साधारण 104 तास झाले, म्हणजे 12 तासांच्या ड्युटीने दिवसरात्र मिळून नऊ जण. दिवसरात्र मिळून चारच असतील तर अंघोळ, जेवण, गोळ्या यातच त्यांचा दिवस जाणार, गप्पांना वेळ उरणारच नाही.

आता पाचलाच का? चहाची वेळ असते. सगळ्यांना बाहेर आणून एकत्र चहा देतात की कप खोलीत ठेवून जातात ते बघा, माणसं कमी पडली की आधी हेच बंद होतं कारण खोलीत देणं झटपट होतं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा तर त्या चहावरच होतात! थंडीत जमलं तर सकाळी नऊलाही एक चक्कर मारा, आपल्याकडची थंडी माहितीये ना, उन्हात किती जण आणून बसवलेत ते मोजा. बेल वाजल्यावर किती वेळाने कोण येतं ते घड्याळ लावून बघा.

ठेवल्यानंतरचं काम आपलं. आत्याचं कानाचं मशीन आठ दिवस ड्रॉवरमध्ये होतं, सेल संपलेला, आणि स्टाफला वाटायचं बाई अबोलच आहे. तेव्हापासून मी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाशी लावलं: उजव्या कानात मशीन, सेल दर रविवारी, चष्मा जेवणाआधी, पेपर वाचून दाखवला तर आवडतो, शाळेत गणित शिकवायची. नवीन मावशी आली तरी तिला बोलायला विषय मिळतो. शक्यतो त्याच त्याच मावशीची ड्युटी मिळेल का हेही विचारा, रोज नवा चेहरा असेल तर म्हातारं माणूस बोलतच नाही.

भेटायचे वार भावंडांनी वाटून घ्या आणि भजनाच्या आधी अर्धा तास पोचा, मावशीला दुसरा हात मिळतो. आणि ॲडमिशनच्या आधी एवढं विचाराच, दिवाळीत निम्म्या मावश्या गावाला गेल्या की बदली कोण येतं. नीट उत्तर आलं नाही तर तिथे पैसे भरू नका. कुठे अडलात किंवा छळाचा संशय आला तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे, फ्री आहे.