एपेक्स बीट (हृदयाच्या टोकाचा छातीवर हाताला जाणवणारा ठोका) सापडत नसेल तर

आधीच बोटाने टोचत बसू नका, पूर्ण तळवा डाव्या छातीवर सपाट ठेवा, ठोका जाणवला की मग एका बोटाने सगळ्यात खालची आणि बाहेरची जागा पकडा, आणि ते बोट तिथंच ठेवून दुसऱ्या हाताने स्टर्नल अँगलपासून (छातीच्या मधल्या हाडावरचा वरचा आडवा उंचवटा) बरगड्या मोजा, तिथं दुसरी बरगडी लागते. नॉर्मल म्हणजे पाचवी स्पेस (पाचव्या-सहाव्या बरगडीमधली जागा), मिडक्लॅविक्युलर लाइनच्या (कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणारी उभी रेघ) साधारण १ सेंमी आत. नाहीच लागला तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, पण जागा मात्र त्या पोझिशनमध्ये सांगू नका, ठोका बाहेर सरकतो (व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इथंच पकडतात!). जाड छाती, सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) असेल तर लागतही नाही. आणि हो, उजवीकडेही हात लावून बघा, डेक्स्ट्रोकार्डिया (हृदय उजवीकडे असणं) असू शकतो.