जुन्या सायकल चेनपासून वस्तू बनवताय? या चुका टाळा

चेन बदलून घेतली की दुकानदाराकडून जुनी चेन मागून घ्यावी. जवळजवळ दीड मीटर लांबीचं टणक पोलाद असतं ते, आणि प्रत्येक कडी सारख्याच लांबीची. भंगारात घातलं तर चार पैसे येतात. हाताशी ठेवलं तर त्यातून भिंतीवरचं घड्याळ, गरम भांड्याखालची चकती, किल्ल्यांची साखळी किंवा कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या चक्रांचा संच) खोलायचं अवजार होतं. पण घरी केलेल्या अशा बऱ्याच वस्तू लवकरच अडगळीत जातात. भिंतीवर काळा ओघळ उतरतो, चिकटवलेलं सुटतं, गोल काही केल्या जुळत नाही. दोष कल्पनेत नसतो. चेन म्हणजे जाडसर दोरी असं धरून काम केलेलं असतं, आणि चेन दोरीसारखी वागत नाही.

पहिल्यांदा ती झिजली कुठे आहे ते बघा. जुनी चेन लांब होते ती प्लेटा (कडीच्या बाजूच्या चपट्या पट्ट्या) ताणल्या गेल्यामुळे नव्हे. पिन (दोन कड्या जोडणारी बारीक दांडी) आणि तिच्याभोवती फिरणारा आतला भाग एकमेकांवर घासून झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर जागा पडते आणि त्या सगळ्यांची बेरीज लांबीत दिसते. नव्या चेनच्या 24 कड्या, एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंत, बरोबर 12 इंच म्हणजे 304.8 मिमी भरतात. 1/16 इंच जास्त भरलं की चेन बदलायची वेळ झाली. 1/8 इंच जास्त भरलं तर बहुतेक वेळा मागच्या चक्राचे दातही गेलेले असतात. अशी चेन घरातल्या दुसऱ्या सायकलला चढवणं हा पुनर्वापर नव्हे, त्या सायकलचे चांगले दात खराब करणं आहे. प्लेटा आणि पिना मात्र अजून मजबूत असतात, म्हणूनच तिच्यापासून वस्तू करण्यात अर्थ आहे.

वरवर पुसून कामाला लागणं

सगळ्यात जास्त वस्तू इथे फसतात. कापडाने पुसलेली चेन चकचकीत दिसते, पण तेल आणि धुळीचं काळं मिश्रण रोलरच्या (पिनेभोवती फिरणाऱ्या नळीच्या) आत बसलेलं असतं. उन्हाळ्यात ते पातळ होतं आणि हळूहळू बाहेर येतं. पांढऱ्या भिंतीवर लावलेल्या घड्याळाखाली मग काळी रेघ उमटते आणि ती रंगकाम केल्याशिवाय जात नाही.

चेन रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवा, बुडेल इतकं डिझेल किंवा रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन ओता आणि हलवा. रॉकेल मिळत असेल तर तेही चालतं. पेट्रोल मात्र नको. त्याची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते, आणि हे काम आपण बहुतेक वेळा बाथरूममध्ये नाहीतर गॅलरीत करत असतो. पहिलं डिझेल कोळशासारखं काळं निघेल. ते बदलून परत हलवा. आत टाकलेलं डिझेल जेवढं स्वच्छ तेवढंच बाहेर येईपर्यंत हे करत राहायचं. मग गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने टूथब्रश घेऊन घासा, प्रत्येक रोलर बोटाने फिरवत. स्वयंपाकघरातलं पातेलं यासाठी वापरू नका. वापरलेलं डिझेल मोरीत ओतू नका. बरणी काही दिवस न हलवता ठेवली की गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ डिझेल पुढच्या चेनला कामी येतं.

खात्री करायला धुतलेली चेन पांढऱ्या कागदावर गुंडाळून दिवसभर उन्हात ठेवा. कागदावर तेलकट वर्तुळं उमटली तर अजून एक फेरी. या एका दिवसाचा कंटाळा केला तर पुढचा रंग, गम, वेल्डिंग यातलं काहीच टिकत नाही.

गंज काढायला अनेक जण चेन रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवतात. इतका वेळ नको. टणक केलेलं पोलाद आम्लात फार वेळ राहिलं की ठिसूळ होतं, प्लेटांना तडे जाऊ शकतात. अर्धा तास ठेवून बघा आणि उरलेलं तारेच्या ब्रशने काढा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच कोरडी करा. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही तर त्याहून लवकर.

हॅकसॉ आणि ड्रिल घेऊन बसणं

पिना वरून फार कठीण केलेल्या असतात. हॅकसॉचं पातं घसरतं आणि घरच्या ड्रिलचं बिट बोथट होतं. भोक पाडायची गरजही नसते, कारण पिन काढली की प्लेटेत साडेतीन मिमीपेक्षा किंचित मोठं भोक तयारच मिळतं आणि त्यातून 3 मिमीचा स्क्रू आरामात जातो. पिन बाहेर ढकलणारं साधं चेन कटर घ्या. ते नसेल तर कडी एका जाड नटावर अशी ठेवा की पिन नटाच्या भोकावर येईल, आणि पंचने ठोका. पिन एकदम उडते, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवाच. साध्या सायकलच्या चेनला चेन लॉक असतं, त्याची चिमटी पक्कडीने सरकवली की पिन न ठोकताही चेन सुटते. कडी परत जोडायची असेल तर पिन पूर्ण बाहेर पाडू नका. ती बाहेरच्या प्लेटेत अडकलेली राहू द्या, नाहीतर परत बसवताना बोटं दुखतात.

न मोजता गोल करणं

चेन पिनेभोवतीच वळते. प्लेटा टेबलावर आडव्या आणि पिना उभ्या ठेवल्या तर ती हवी तशी वेटोळी घेते. उलट बाजूने वळवायला गेलात तर प्लेटा पिळतात आणि कड्या अडकू लागतात. गिअरच्या सायकलची चेन बाजूला थोडी लवते, साध्या सायकलची रुंद चेन जवळपास नाहीच.

दुसरं म्हणजे कड्यांची संख्या सम हवी. आतली कडी, बाहेरची कडी अशी ती आलटून पालटून येत असल्याने 59 किंवा 61 कड्यांचं वर्तुळ मिटतच नाही, दोन सारखी टोकं समोरासमोर येतात.

घड्याळासाठी 60 कड्या घ्या. प्रत्येक पिन एक मिनिट, दर पाचवी पिन एक तास. अर्ध्या इंचाच्या 60 कड्यांचा परीघ 76.2 सेंमी, म्हणजे पिनांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे 24.3 सेंमी. इथे हमखास चूक होते ती लाकडी चकती 24.3 सेंमीची कापण्याची. चकतीला टेकते प्लेटेची आतली कड, पिन नव्हे, आणि ती पिनच्या मध्यापासून चार-सव्वाचार मिमी आत असते. चकती साधारण 23.4 सेंमीची लागते. चेन एक टक्का झिजलेली असेल तर व्यासात आणखी दोन-अडीच मिमी वाढतात. म्हणून आधी धुतलेली चेन घट्ट ओढून मोजा, चकती जराशी मोठी कापा आणि पॉलिश पेपरने घासत घासत बसवा.

गरम भांड्याखालच्या चकतीला चेन किती लागेल याचाही अंदाज चुकतो. 114 कड्यांच्या एका चेनचं घट्ट वेटोळं जेमतेम साडेबारा सेंमी होतं. कुकरखाली 18 सेंमी हवं असेल तर दोन चेन लागतात. मध्यभागी वेटोळं फार घट्ट होत नाही, तिथे जुन्या कॅसेटचं 11 दातांचं चक्र बसवलं की छान दिसतं. या चकतीला रंग किंवा लॅकर देऊ नका, पहिल्याच गरम कढईला वास येतो. खाली सिलिकॉनची बुटकी बटणं लावा, नाहीतर ओट्याला ओरखडे पडतील. आणि धुतलेली असली तरी ही चेन अन्नाला लागू देऊ नका.

जोडणी

झटपट चिकटणारा गम सांध्यांवर टिकत नाही. सांधा हलतो आणि हा गम कडक असल्याने तडकतो. स्थिर जागेसाठी दोन भागांचा इपॉक्सी वापरा, तोही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करून. वेटोळं बांधायला गंज न लागणारी बारीक तार कधीकधी सगळ्यात सोपी पडते.

फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून घेणार असाल तर दोन गोष्टी त्याला सांगा. प्लेट जेमतेम एक मिमी जाड आहे, त्यामुळे बारीक रॉड आणि कमी करंट लागेल. आणि चेनवर जस्ताचा मुलामा असू शकतो. जस्त जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर ताप आणि कणकण येते. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने चेन धुतली असेल तर वेल्डिंगच्या जवळपासही नेऊ नका, त्यातून विषारी वायू तयार होतो.

अंगावर आणि वजनाखाली

ब्रेसलेट करायला चेन मोहात पाडते, पण चंदेरी चेनवर अनेकदा निकेलचा मुलामा असतो आणि निकेलमुळे अनेकांच्या त्वचेवर खाज, पुरळ येतं. घामाने ते वाढतं. लहान मुलांना तर देऊच नका.

झोपाळ्याच्या कड्यांऐवजी, जड कुंडी टांगायला, सायकलचं कुलूप म्हणून किंवा गाडी ओढायला ही चेन वापरू नका. पिन एकदा काढून परत ठोकलेला सांधा पहिल्याइतका पक्का राहत नाही, आणि तो कोणता हे बाहेरून ओळखू येत नाही. डोक्यावर लटकणारी वस्तू अशा सांध्यावर सोडायची नाही.

ताण घेणाऱ्या कामांपैकी मी एकच सुचवीन, कॅसेट खोलताना ती धरून ठेवायचं अवजार. 4 मिमी जाडीची, 25 मिमी रुंद लोखंडी पट्टी बाहेरच्या दोन प्लेटांमध्ये सरकवायची, चेनच्याच पिनेने जोडायची. टोकाला एक लांब तुकडा, त्याच्या मागे एक आखूड तुकडा. त्यासाठी आठ किंवा नऊ गिअरच्या सायकलची चेन घ्या. साध्या सायकलची रुंद चेन शेजारच्या चक्राला अडते. झिजलेली असली तरी सात-आठ कड्यांत फरक मिलिमीटरच्या आत राहतो, दात नीट पकडले जातात. मात्र प्रत्येक प्लेट उजेडात धरून तडा नाही ना ते बघा, आणि पिना मोडलेली किंवा वाकलेली कडी तिथल्या तिथे काढून टाका.